हानाच्या डब्यातला तुकडा

माझ्या भावाला साऱ्या खोऱ्यात एम्रिस थडगं म्हणत. आमच्याकडे नावं मोजकी आणि माणसं फार, त्यामुळे प्रत्येकाच्या नावाला काही ना काही शेपूट लागतंच. जॉन गिरणी, जॉन दाढी, जॉन दोन-बायका. (दुसरी बायको पहिली वारल्यावर रीतसर केलेली होती, पण शेपूट एकदा चिकटलं की निघत नाही.) एम्रिसने उभा जन्म एक थडगं शोधण्यात घालवला, म्हणून तो एम्रिस थडगं. ते थडगं आमच्या पणजोबाचं, इलायस हम्फ्रीसचं.

इलायस पहिल्या जहाजातून आला. वेल्समधून निघालेली ती माणसं जुलैच्या थंडीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पाटागोनियाच्या उजाड किनाऱ्यावर उतरली आणि तिथून चालत या खोऱ्यात आली. पहिली वर्षं उपासमारीची. इथल्या मूळच्या तेवेल्चे लोकांच्या बायका ग्वानाको या रानजनावराचं मांस घेऊन दाराशी यायच्या, आमच्या बायका त्यांना पाव द्यायच्या, आणि तेवढ्यावर पोरं जगली. त्या बायकांच्या माणसांची थडगी शोधायला आमच्या घरातून कुणी कधी फावडं उचललं नाही, हेही इथेच सांगून टाकते. मग इलायसने नदीपासून शेतापर्यंत पाट खणला आणि खारट मातीत पहिला गहू उभा राहिला. निदान आमच्या घरात तरी असं सांगतात. शेजारी विचाराल तर पहिला पाट त्यांच्या पणजोबाने खणला.

इलायसचं लग्न हानाशी झालं. तीन मुलं झाली. मग एका वर्षी नदी फुगली. इलायस कंदील घेऊन बंधाऱ्याचं दार उतरवायला गेला तो परत आला नाही. कंदील काठावर सापडला, माणूस सापडला नाही. चॅपेलमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली, हानाने काळे कपडे चढवले आणि आमचं घराणं बुडालेल्या वीराचं घराणं झालं. दरवर्षी जहाज लागल्याच्या दिवशी चॅपेलच्या भाषणात इलायसचं नाव येतं आणि आमची माणसं पाठ ताठ करून बसतात.

आमचे वडील इदवाल म्हणायचे, "ज्या घराला आपल्या पहिल्या माणसाचं थडगं दाखवता येत नाही, ते घर इथलं नव्हे. ते इथे भाड्याने राहतंय." मी हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. एम्रिसच्या मात्र ते हाडात शिरलं. नदीने जिथे जिथे पात्र बदललं होतं तिथे तिथे तो दर रविवारी चॅपेल सुटल्यावर फावडं घेऊन जायचा. मेंढ्यांची हाडं निघाली, गाडीचं चाक निघालं. एकदा बूट निघाला तर तो दोन दिवस नीट जेवला नाही. चौकशीअंती बूट रेल्वेच्या कुठल्यातरी कामगाराचा ठरला.

दगडही त्याने आधीच घडवून ठेवला होता. काळ्या पाटीचा, माणसाएवढा लांब. गावातला पाथरवट रोसेन्दो याने त्यावर अक्षरं कोरली होती, ‘इलायस हम्फ्रीस. याने पाणी आणलं आणि याला पाण्याने नेलं.’ दगड गोठ्याच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभा होता. कोंबड्या त्याच्या आडोशाला अंडी घालायच्या.

एम्रिसच्या बायकोचं नाव एल्वीरा. इटालियन दुकानदाराची मुलगी, हसरी, बडबडी, चॅपेलमध्ये कंटाळणारी. तिला मूल झालं नाही. रविवारी नवरा नदीत, इतर दिवशी नवरा शेतात. शेवटी एकदा तिने बॅग भरली आणि माझ्यासमोर त्याला म्हणाली, "मी तुला हवी असेन तर मलाही आधी नदीत उडी मारायला लागेल, नाही का रे?" तो बुटाची माती खरवडत राहिला. ती बाहिया ब्लांकाला बहिणीकडे गेली आणि तिकडेच राहिली. मी सगळा दोष तिलाच दिला. नणंदेचं कामच ते.

एम्रिसने नंतर तिचं नाव काढलं नाही. माझे यजमान ओस्वाल्दो गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, त्याचं जेवणखाण बघू लागले, तेव्हाही नाही. तो तिला विसरला असं मी धरून चालले.

आता हाना. ती इलायसच्या मागे खूप वर्षं जगली. तीन मुलं वाढवली, शेत राखलं, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून बाप्यांशी भांडली. तिला पुरलंय ते चॅपेलच्या अंगणाच्या कोपऱ्यात. भोवती गंजकं लोखंडी कुंपण, डोक्याशी लाकडी फळी, आणि फळीवरची अक्षरं वाऱ्याने केव्हाच पुसलेली. जहाजाच्या दिवशी मी तिथलं गवत उपटायला जायची. एम्रिसला म्हणायची, "चल की, पणजी आहे तुझी." तो म्हणायचा, "ती कुठे जातेय." सापडलेल्या माणसाचं त्याला काय कौतुक.

केकचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या खोऱ्यात लग्नात काळा केक करतात. मनुका, अक्रोड, काळी साखर, लवंग, आणि चॅपेलला कळणार नाही इतपत रम. वरचा थर डब्यात ठेवून देतात, अधूनमधून रम शिंपडली तर तो मऊ राहतो, आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवराबायको मिळून खातात. इथवर सगळ्यांचं सारखं. आमच्या घरात आणखी एक रीत आहे, आणि ती हानाने आपल्या आईकडून आणली असं म्हणतात. पहिल्या वाढदिवसाला सगळा केक संपवायचा नाही. एक तुकडा राखायचा. दोघांपैकी एक गेलं की मागे राहिलेल्याने पुरण्याच्या दिवशी तो खायचा. मग डबा रिकामा, संसार पुरा झाला. मी ओस्वाल्दोच्या दिवशी खाल्ला. चहात बुडवला तरी दाताला माती लागल्यासारखं वाटत होतं, पण खाल्ल्यावर मला पहिल्यांदा खरंच कळलं की तो गेला.

देह मिळाला नाही तरी या रीतीला पळवाट नाही. हानाचा धाकटा मुलगा तुदुर आखातात मासेमारीला गेला आणि होडीसकट बुडाला. चॅपेलमध्ये प्रार्थना झाली. घरी आल्यावर त्याची बायको सारा ॲन तुकडा हातात घेऊन बसली, तो तोंडात घालवेना. म्हणाली, "देह कुठे पाहिलाय मी? परत आला तर?" तेव्हा हानाने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला. म्हणाली, "येणार नाही. चॅपेलने म्हटलं गेला, म्हणजे गेला. खा. नाहीतर जन्मभर दाराकडे बघत बसशील." सारा ॲनने खाल्ला. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक नव्या सुनेला सांगतात.

हानाचा स्वतःचा डबा आमच्याकडे होता. जहाजातून आलेला चहाचा जुना डबा, झाकणाच्या कडेने मेण ओतून बंद केलेला. मरताना तिने सांगितलं होतं, "इलायसला पुराल त्या दिवशी उघडा." केक तर तिने प्रार्थनेच्या दिवशीच संपवला असणार, यात कुणाला शंका नव्हती. मग रिकाम्या डब्यात इलायससोबत पुरायचं काहीतरी ठेवलं असेल, अंगठी किंवा छोटं बायबल, असं सगळे धरून होते. डबा हलवला की आत हलकंसं काहीतरी सरकायचं. लहानपणी मी तो एकदा हलवला म्हणून एम्रिसने माझ्या बोटांवर पट्टी मारली होती.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी (आमच्याकडे तो मार्चमध्ये संपतो) एम्रिस खोकायला लागला. तसा तो दर मार्चमध्ये दुकानातून रमची छोटी बाटली आणायचाच. आमच्या घरात बापजाद्यांपासून कुणी थेंबाला शिवलं नाही, म्हणून मी कुरकुर करायची, आणि तो म्हणायचा, "खोकल्यासाठी आहे." खोकला नव्हता तेव्हाही हेच म्हणायचा. या वेळी खोकला खरा निघाला. त्रेलेउ शहरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, मला बाहेर बोलावलं आणि पुढचा उन्हाळा धरू नका म्हणाले. एम्रिस वाळत चालला. मी नाताळात त्याला निळ्या चौकड्यांचा जाड फ्लॅनेलचा शर्ट दिला होता. थंडी पडली तशी मी विचारलं, "तो शर्ट कुठाय? घाल की."

"फाटला."

"नवाकोरा शर्ट फाटला? काय कुंपणाला टांगलास?"

"फाटला म्हटलं ना, तेगाई."

मी चिडले. एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू, आणि याला किंमत नाही. त्याला मी आठवडाभर त्यावरून टोचत होते.

मेच्या एका दुपारी बाहेर वारा सुटला होता, पॉपलरच्या झाडांची पानं खिडकीवर आपटत होती. एम्रिस स्वयंपाकघरात चुलीजवळ माते या इकडच्या कडू चहाचं भांडं हातात घेऊन बसला होता. नळीतून ओढायलाही त्याला दम पुरत नव्हता.

"तेगाई, डबा काढ."

"कुठला?"

"कुठला काय विचारतेस. हानाचा."

"इलायस सापडेपर्यंत उघडायचा नाही. पट्टी कुणी मारली होती मला?"

"सापडणार नाही तो आता. अर्धं फावडं उचलायचा दम राहिला नाही माझ्यात." तो थांबला, श्वास गोळा केला. "आत अंगठी असेल तर अंगठी पुरू. बायबल असेल तर बायबल. वर दगड ठेवू. माणूस नाही तर माणसाची वस्तू. मी जायच्या आत दगड जागेवर बसलेला बघायचाय मला. बाबांना सांगायला काहीतरी हवं ना."

मला त्याला नाही म्हणवेना. डबा आणला. त्याने सुरीने मेण खरवडलं, झाकण फिरवून काढलं. आत कापडाची पुरचुंडी होती. त्याच्या बोटांना गाठ सुटेना, म्हणून मी सोडवली. वरचं फडकं बारीक पानांच्या वेलबुट्टीचं. त्याच्या आत पिठाच्या पिशवीचं कापड, त्याच्या आत आणखी एक जुनं, चहाने डागाळलेलं. आणि सगळ्यांच्या आत एक काळा तुकडा, तळहाताएवढा, विटेसारखा कडक. वास जवळजवळ नव्हताच. नाक अगदी जवळ नेलं तर लवंगेचा भास व्हायचा.

"केक आहे," मी म्हणाले, जणू त्याला दिसत नव्हता.

एम्रिसने तुकडा टेबलावर ठेवला. मग ते वरचं फडकं उचलून उजेडात धरलं आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर हानाचा एकुलता एक फोटो आहे. म्हातारी खुर्चीत बसलीय, मांडीवर बाळ आहे, आणि अंगातला झगा बारीक पानांच्या वेलबुट्टीचा.

"मांडीवर बाबा आहेत ना?" त्याने विचारलं.

"हो. सहा महिन्यांचे असतील."

"म्हणजे पुराला तीसेक वर्षं उलटून गेली होती. हा झगा जुना झाल्यावर तिने त्याचं फडकं केलं आणि यावर बांधलं." तो बराच वेळ खोकला. "सारा ॲनला हिनेच खायला लावला होता ना?"

"हिनेच."

"मग स्वतः का नाही खाल्ला?"

"विसरली असेल."

"विसरलेल्या वस्तूला कुणी नवी नवी फडकी बांधत बसतं?"

उत्तर मला सुचलं होतं, पण ते बोलायचं नव्हतं. मी चुलीत लाकूड सारलं. एम्रिसच बोलला.

"तो मेला नव्हता, तेगाई. आणि तिला ते ठाऊक होतं."

"काहीतरीच. चॅपेलमध्ये प्रार्थना झाली. कंदील सापडला."

"कंदील काठावर ठेवायला काय लागतं?" तो म्हणाला. "चॅपेलचं भाषण आठव. दरवर्षी तेच असतं. त्या साली पूर आला, इलायस हम्फ्रीस गेला. आणि लगेच पुढचं वाक्य काय? त्याच महिन्यात जहाज आलं आणि थकलेली काही कुटुंबं खोरं सोडून उत्तरेला गेली. जन्मभर ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ऐकली. एकदाही जोडून बघितली नाहीत."

"मग लोकांना कळलं नसतं?"

"कळलंच असणार. केवढीशी वस्ती ती. जहाजात चढताना दहाजणांनी बघितलं असेल त्याला. पण पळून गेलेल्यापेक्षा बुडालेला बरा. तिला बरा, मुलांना बरा, चॅपेललाही बरा. सगळ्यांनी मिळून बुडवला त्याला."

आणि हाना त्या प्रार्थनेला काळे कपडे घालून पहिल्या बाकावर बसली. घरी आली आणि डबा उघडला नाही. सगळ्या जगाला तिने नवरा मेला म्हणून सांगितलं, तुकड्याला मात्र तिला खोटं सांगता आलं नाही. सारा ॲनला जन्मभर दाराकडे बघू नकोस म्हणणारी ही बाई स्वतः तेच करत राहिली, तेही कुणाला न दिसता. मला तिची इतकी कणव आली की बसवेना. आणि इलायसचा असा संताप आला की तो समोर असता तर मी खरंच त्याला नदीत ढकललं असतं.

"मी कुणाला खणत होतो गं इतकी वर्षं?" एम्रिस म्हणाला, आणि रडला. एल्वीरा गेली तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्याला रडायलाही दम पुरेना, त्यामुळे ते रडणं बघवत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार होते.

जरा वेळाने मी म्हणाले, "टाकते हा कोंबड्यांना."

"नाही. दे इकडे." त्याने तीनही फडकी होती तशी एकावर एक बांधली. "तिचा आहे. तिने नाही खाल्ला, तर आपण कोण त्याचं काही करणारे?"

तीन-चार दिवस तो गोठ्यात दगडासमोर खुर्ची टाकून बसायचा. मग म्हणाला, "रोसेन्दोला बोलाव."

रोसेन्दो आला, टोपी काढून दगडाकडे बघत उभा राहिला. "सापडला वाटतं तुमचा माणूस," तो म्हणाला.

"सापडला," एम्रिस म्हणाला. "दगड उलटा कर. मागच्या बाजूला कोरायचंय."

"आणि पुढचं? घासून काढू?"

"राहू दे. आडवा घालायचाय दगड, ती बाजू मातीकडे जाईल. नाहीतरी तो खालीच असायचा होता."

रोसेन्दोने मागच्या बाजूला कोरलं, ‘हाना हम्फ्रीस. ही इथे राहिली.’ एम्रिसने सांगितलं तेवढंच, एक अक्षर जास्त नाही.

जहाजाच्या दिवशी सगळं खोरं चॅपेलमध्ये गोळा होतं, म्हणून आम्ही त्याच्या आदल्या दिवशी गेलो. एम्रिसला पिकअपमधून खाली उतरवेना. नाकात ऑक्सिजनची नळी, गुडघ्यावर घोंगडी, अशा अवस्थेत तो काच खाली करून बघत होता. रोसेन्दो आणि त्याच्या भावाने कुंपणाची एक बाजू सोडवली, कुजकी फळी बाजूला काढली. एम्रिसने डबा माझ्या हातात दिला आणि मी तो डोक्याशी खळग्यात ठेवला. वरून दगड सरकवला. दगड बसताना जमिनीतून दबका आवाज आला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आमच्या पहिल्या माणसाचं थडगं आम्हाला नेहमीच ठाऊक होतं. ती बाई होती म्हणून ते कुणी मोजलं नव्हतं.

"इतकी वर्षं इथेच होती," एम्रिस म्हणाला.

"मी सांगत होते, गवत उपटायला ये."

"सांगत होतीस." त्याने काच वर घेतली, पुन्हा खाली केली. "तिला कुणी सांगायला हवं होतं गं, नको वाट बघू म्हणून."

मला वाटलं तो हानाबद्दल बोलतोय. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "एल्वीराला कळवू का? तुझ्या तब्येतीचं?"

"तिला कशाला त्रास."

"बायको आहे तुझी. कागदावर तरी आहेच."

"नको म्हटलं ना." आणि घराजवळ आल्यावर, पाटावरचा पूल ओलांडताना म्हणाला, "माझा डबा माझ्या खोलीत आहे. कपाटावर, मागच्या बाजूला. मी गेलो की तुला काय करायचं ते कर."

सप्टेंबरात, लसूणघासाला पहिलं पाणी सोडलं त्या आठवड्यात तो गेला. हानाच्या शेजारी त्याला पुरायचं ठरलं. त्याने नको म्हटलं होतं, तरी मी एल्वीराला फोन केला. म्हटलं, येईल न येईल, माझं काम सांगायचं.

ती आली. बाहिया ब्लांकाहून सबंध दिवसभर बसमधून आली. केस पांढरे, पाय सुजलेले, मला ओळखू येईना. चॅपेलमध्ये मागच्या बाकावर बसली. थडग्याशी सगळ्यांच्या मागे उभी राहिली. लोक माझा हात हातात घेऊन सांत्वन करत होते आणि तिच्याकडे चोरून बघत होते. तिच्याजवळ एक साधी हातपिशवी होती, दुसरं काही नाही. मी तिला घरी चल म्हणाले. दुसरं कुणी म्हणेना, म्हणून म्हणाले.

घरी ती कोट न काढता स्वयंपाकघरात बसली. मी किटली ठेवली.  मग म्हटलं, हेही उरकून टाकू, आणि एम्रिसच्या खोलीत जाऊन खुर्चीवर चढले. डबा बिस्किटांचा होता, लाल, त्यांच्या लग्नातला. मला तो रिकामा निघणार याची खात्री होती. ज्या बायकोचं नाव काढायचं नाही, तिच्या लग्नाचा तुकडा कोण सांभाळेल? तिने केव्हाच सोडलं, याने केव्हाच संपवलं, असंच मला वाटत होतं. रिकामा डबा तिच्यापुढे ठेवायचा, बघ म्हणायचं, असाही एक दुष्ट विचार मनात येऊन गेला.

टेबलावर ठेवून झाकण काढलं, आणि रमचा वास घरभर पसरला.

आत निळ्या चौकड्यांचं फ्लॅनेल होतं. कात्रीने नीट चौकोनी कापलेलं, कडा दुमडून चार टाके घातलेलं. बाप्याचे टाके, वाकडेतिकडे. मी त्या शर्टवरून त्याला किती बोलले होते. आणि ती मार्चमधली बाटली, दर वर्षीची, खोकल्यासाठीची. त्यांचं लग्न मार्चमधलं.

"हे काय आहे?" एल्वीराने विचारलं.

"तुझ्या लग्नाचा केक."

तिने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. फ्लॅनेलच्या टाक्यांवरून तिने बोट फिरवलं. "त्याने ठेवला होता?"

"ठेवला होता."

"मला एकदा तरी कळवायचं, तेगाई. एक शब्द लिहायचा. मी फोन वाजला की..."  ती खिडकीकडे बघत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मी खाल्ला तर चालेल? मी तर सोडून गेलेली."

माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. आयुष्यभर साठवलेलं होतं ते. पण हानाचा तो विटेसारखा तुकडा मला आठवला, आणि पिकअपच्या खिडकीतून बघणारा माझा भाऊ आठवला.

"रीत एवढीच सांगते की मागे राहिलेल्याने खायचा," मी म्हणाले. "मागे आता तूच राहिलीस."

मी मोठी सुरी काढून दिली, पाव कापायची, दात्यांची. चहा गरम करून कप तिच्यापुढे ठेवला, म्हणजे कडक तुकडा बुडवता येईल. एल्वीराने कोट काढला, बाह्या मागे सारल्या, फडक्याच्या चारही बाजू उलगडल्या आणि दोन्ही हातांनी जोर लावायच्या तयारीने सुरी टेकवली.

जोर लागलाच नाही. सुरी आपल्या वजनानेच आत गेली.

"मऊ आहे," एल्वीरा म्हणाली.